सेन्सेईंना फोन करावा

तालुक्याच्या गावात एका खासगी दवाखान्याच्या मागे आमची एक खोली होती. बाबा गेल्यावर आई त्याच दवाखान्यात मावशी म्हणून लागली. मावशी म्हणजे फरशी, चादरी, बेडपॅन. पेशंटच्या डब्यातलं उरलेलं आमच्याकडे यायचं, आणि आजची भाजी कुणाच्या घरची हे मी चवीवरून सांगायचे. पण जखम साफ करण्यात आईचा हात असा होता की डॉक्टर दारातूनच विचारायचे, "मावशी, झालं का?" आणि आत न येता केसपेपरवर सही ठोकायचे. तपासणीला साहेब आले की आईच्या हातातला चिमटा काढून झाडू दिला जायचा. साहेबांची गाडी वळली की झाडू काढून पुन्हा चिमटा. पगार झाडूचाच.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी. नर्सिंग. हे मी अजूनही कुणी न विचारता सांगते.

नवऱ्याच्या कंपनीने त्याला कोबेला पाठवलं, मी मागोमाग आले. जपानी शिकले, इथली नर्सची परीक्षा दिली, एकदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास. आता बॅटरीच्या सायकलवरून चढ चढत घरोघरी पेशंट बघते.

इथला नियम असा. जखम धुणं, पट्टी बांधणं नर्सचं. मेलेलं मांस कापून काढणं डॉक्टरचं. नर्सला ते करायचं असेल तर वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्यानंतरही डॉक्टरने त्या पेशंटसाठी एक कागद लिहून द्यावा लागतो: कुठल्या अवस्थेत कापायचं, कुठे थांबायचं, फोन कधी करायचा. तो कागद असला की डॉक्टर शेजारी उभे नसले तरी चालतं. मी प्रशिक्षण पूर्ण केलं. प्रमाणपत्र फ्रेम करून फ्रिजच्या वर लावलं. कागद मात्र अजून कुणाचाच नव्हता.

तेव्हा माझ्याकडे एक शिंपीआजोबा होते. ऐंशीच्या पुढचे. इथल्या भारतीय व्यापाऱ्यांचे सूट त्यांनी जन्मभर शिवले. "तुमचे लोक माप देताना पोट आत घेतात आणि ट्रायलला सोडतात," हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सुनावलं. पडून कंबरेचं हाड मोडल्यावर ते अंथरुणाला खिळले आणि पाठीच्या खाली जखम झाली. दर आठवड्याला व्हीलचेअरच्या टॅक्सीतून उतार उतरून हॉस्पिटलात जायचं, मेलेलं मांस कापून घ्यायचं, आणि परतीच्या धक्क्यांनी जखम पुन्हा चिघळायची. खिडकीत त्यांचं मशीन होतं, शेजारच्या पुतळ्यावर एका बाहीचा कोट.

"दुसरी बाही लावल्याशिवाय मी मरणार नाही," ते म्हणायचे. "आणि बसता येत नाही तोवर बाही लागणार नाही. म्हणजे मी अमर आहे, कांगोशी-सान."

कांगोशी-सान म्हणजे मी, नर्सबाई.

त्यांना घरी तपासायला येणारे डॉक्टर, आमचे सेन्सेई, साठीचे. छोट्या गाडीत बसून भाताचे गोळे खात पुढच्या घरी जाणारे. मी कागदाचं विचारल्यावर म्हणाले, "मसुदा तुम्हीच करा. माझं अक्षर मलाच वाचता येत नाही."

मी चार दिवस घासून मसुदा केला. ऑफिसातल्या वरिष्ठ बाईंनी सांगितलं, आपला नावाचा शिक्का, म्हणजे इथली सही, वरच्या माणसाच्या चौकटीकडे थोडा झुकवून मारायचा, नमस्कार केल्यासारखा. मी इतका झुकवला की तो पाया पडल्यासारखा दिसत होता.

सेन्सेईंनी गाडीतच वाचायला घेतलं. एका हातात भात, दुसऱ्यात लाल पेन्सिल.

"ताप असेल तर सेन्सेईंना फोन करावा. बरोबर. हाड दिसलं तर, बरोबर. रक्त थांबलं नाही तर, बरोबर. पट्टी सोडण्यापूर्वी फोन करावा?"

"हो."

"कात्री उचलण्यापूर्वी?"

"हो."

"कात्री ठेवल्यावर?"

"कळवलेलं बरं, म्हणून."

त्यांनी मोजलं. अकरा ठिकाणी फोन. "एवढे फोन करायचे तर मीच कापतो. तुम्ही गाडी चालवा!"

"पण कुणी तपासायला आलं तर?"

"कोण येणार?"

मी एकदम आईचा चिमटा आणि झाडू, सगळं सांगून टाकलं. सेन्सेई चावायचे थांबले.

"तुमच्या आईंकडे असा कागद होता?"

"नाही."

"तुमच्याकडे आहे," म्हणून त्यांनी आठ फोन खोडले. तीन उरले. मी मसुदा पुन्हा स्वच्छ लिहून आणला, आणि त्यांनी घाईत शिक्का मारला तो उलटा.

मंगळवारी मी आजोबांकडे गेले. ताप नाही, सूज नाही. आजोबांना कुशीवर वळवलं. समोर शिंप्याचा उंच आरसा, त्यातून ते माझी कात्री बघत होते.

"अंगठा सैल ठेवा. कापड घाबरतं."

"आजोबा, हलू नका."

"आणि श्वास सोडा. तुमचे व्यापारीही असेच करायचे."

मी श्वास सोडला. पिवळं, काळं निघालं पाहिजे आणि लाल दिसलं की हात थांबला पाहिजे, हे आई सांगायची. त्या कागदात तेच दोन पानं लांबवून लिहिलं होतं. एकदा हात पिशवीतल्या फोनकडे गेलाच.

"कुणाला?" आरशातून प्रश्न.

"कुणाला नाही."

लाल दिसलं. थांबले. पट्टी बांधून हात धुतले, तोच फोन वाजला.

"झालं का?" सेन्सेई.

क्षणभर वाटलं, गावचे डॉक्टर दारात उभे आहेत.

"झालं. फोन का केलात?"

"तुमचा आला नाही म्हणून."

"तुम्हीच खोडलेत, सेन्सेई."

"खोडलं खरं. हाड दिसलं?"

"नाही."

"रक्त?"

"थांबलं."

"मग मी फोन कशाला केलाय?"

"ते कागदात नाही."

आजोबा इतके हसले की पट्टी पुन्हा बांधावी लागली.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल केला. "लाल दिसल्यावर थांबलीस ना?"

"थांबले."

"डॉक्टर कुठे होते?"

"गाडीत. भात खात."

"आणि केसपेपरवर सही कुणाची?"

"माझी."

आईने फोन कानाशी नेला. मग म्हणाली, "नेटवर्क गेलं होतं बहुतेक. पुन्हा सांग." नेटवर्क गेलं नव्हतं. मी पुन्हा सांगितलं.

आजोबांच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या थांबल्या. पुढे काही महिन्यांनी जखम भरली. ते मशीनवर बसले आणि दुसरी बाही लागली. लगेच त्यांनी नवा कोट बेतायला घेतला, अमर राहायचं म्हणून. त्या जखमेच्या नोंदवहीत, काम कुणी केलं या रकान्यात, त्या मंगळवारपासून शेवटपर्यंत माझं नाव आहे.