पंचांनी सोडलेली गोळी

शिवाजी पेठेत विजयसिंह सरनोबतांना नावानं हाक मारणारे थोडेच. लहानथोर सगळे त्यांना ‘पंच’ म्हणायचे. पोटासाठी मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, पण जीव फुटबॉलमध्ये. वीस वर्षं त्यांनी सामन्यांत शिट्टी वाजवली. मैदानात आपल्याच पेठेचा संघ असला, तरी एक फाऊल कधी सोडला नाही. त्यापायी चुलत भावानं दोन वर्षं बोलणं टाकलं होतं.

सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांना हार्ट अटॅक आला. स्टेंट बसवली, पाच गोळ्या सुरू झाल्या. त्यातली एक दाखवून डॉक्टर म्हणाले, “हा बीटा ब्लॉकर. ठोके आवरून धरतो, हृदयावरचा ताण कमी करतो. त्रास वाटला तर मला सांगा, पण आपल्या मनानं ही गोळी बंद करायची नाही.”

वर्षभरानं तपासण्या करून डॉक्टरांनी पुन्हा मैदानावर उतरायची परवानगी दिली. पंच हरखले. पण पहिल्याच सामन्यात त्यांना कळलं, पाय पूर्वीचे राहिले नाहीत. कितीही पळायचं म्हटलं तरी नाडी चढायचीच नाही. बॉल पुढं, पंच मागं. गॅलरीतनं आवाज आला, “पळा की वो पंच! का रिक्षा बोलवू?” हजारभर माणसं हसली.

त्या आठवड्यात स्पर्धेचे प्रमुख जोतीराम घोरपडे दुकानात आले. चहा घेऊन झाल्यावर म्हणाले, “आजून येक सामना देतो. न्हाय जमलं तर लाइनवर झेंडा घेऊन उभं ऱ्हावा. राग मानू नका.”

दुसऱ्या दिवसापासून पंचांनी ठोके आवरणारी ती एकच गोळी सोडली. बाकीच्या चार नेमानं घेत होते. पाचवी बेसिनमध्ये टाकायचे.

“गोळ्या घेतल्या ना?” त्यांच्या बायकोनं, पद्मजाबाईंनी, शाळेत शिकवायला निघताना विचारलं.

“घेतल्या की.”

दोन दिवसांत अंग हलकं झालं. सकाळी ते रंकाळा तलावाला चक्कर मारून आले, भूक लागली, गाणं गुणगुणले. पद्मजाबाईंना बरं वाटलं. चौथ्या दिवशी मात्र दुकानात बसल्या जागी छाती धडधडायला लागली. घाम आला. थोड्या वेळानं थांबलं. डॉक्टरांना फोन करायचा म्हणून त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि परत ठेवला. सामना दोन दिवसांवर होता.

सामन्यात ते पळाले. पूर्वार्धात एकदाही मागं राहिले नाहीत. उत्तरार्धात एक फाऊल देऊन ते मैदानाच्या मधोमध खाली बसले. ज्यांच्या विरुद्ध फाऊल होता, त्या बाजूची गॅलरी उसळली. “नाटक करतंय!” “उठीव त्याला!” बाटल्या पडायला लागल्या. गोलकीपर आरिफ धावत आला, तेव्हा पंचांचे ओठ निळे पडले होते. “गप ऱ्हावा रं! माणूस मरालाय!” तो गॅलरीकडं बघून ओरडला. गोंगाटात ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी पद्मजाबाईंना गोळ्यांबद्दल विचारलं. त्यांनी गोळ्यांचं पाकीट दाखवलं, संपलेल्या गोळ्यांचा हिशेब बरोबर होता. पंच शुद्धीवर आले तेव्हा त्यांनीच खरं सांगितलं.

डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. मग म्हणाले, “ही गोळी एकदम सोडली की दाबून ठेवलेले ठोके उसळतात. ज्याचं हृदय आधीच दुखावलंय, त्याला झटका येऊ शकतो. दमत होतात तर यायचं होतं. डोस हळूहळू कमी केला असता, नाहीतर औषध बदललं असतं. पंधरा दिवसांचं काम होतं.”

पद्मजाबाईंनी खोलीबाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकलं.

हृदयाचा मोठा भाग निकामी झाला होता. बीटा ब्लॉकर पुन्हा सुरू झाला, अगदी थोड्या डोसानं. पंच घरी आले. चार पायऱ्या चढल्या की बसायला लागायचं. दुकान भाड्यानं दिलं.

“मला का न्हाय सांगितलंत?” पद्मजाबाईंनी एकदा विचारलं.

“तू ती गोळी सोडू दिली नसतीस न्हवं.”

पुढच्या श्रावणात, दुपारी जेवण झाल्यावर, ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले. तेव्हा पद्मजाबाई शाळेत पाचवीचा तास घेत होत्या.