पहिलवान बाई

माझी भाची मुक्ता तालमीत कुस्ती शिकते. काल ती कॉमिक वाचता वाचता चिडली. त्यातल्या अचाट ताकदीच्या पहिलवान बाईने मागच्या अंकात कोसळता पूल खांद्यावर पेलला होता. या अंकात तिला खलनायिका केली होती.

"केलं काय तिनं?" मी विचारलं.

"त्यांच्या चमूच्या प्रमुखाला नाही म्हणाली. तिचा जोडीदार रागात इमारती पाडतो, आत्या, तरी तो चांगलाच."

मलाही संताप आला. बाईची ताकद लोकांना आपल्या कामापुरतीच हवी असते. जत्रेत मुक्ता जिंकली तेव्हा गावाने तिला डोक्यावर घेतलं. पुढे छेड काढणाऱ्याला तिने आपटलं, तर तेच लोक 'माफी माग' म्हणत दारात आले.

"पुढच्या अंकात ही माफी मागेल बघ," मी म्हणाले.

"का? मी मागितली का?" मुक्ता म्हणाली.