भाजणीच्या डब्याखालची चिठ्ठी

आमच्या घरात हे कुणालाच ठाऊक नाही. तुम्हाला सांगते — नातवंडांच्या कानावर घालू नका, त्यांच्या लेखी आजी फार हुशार आहे. मी नवऱ्याच्या बंद कानात लसणीचं तेल घालत होते. रोज! महिनाभर! त्याआधी महिनाभर तर मला ते सोंगच वाटलं. शनिवार पेठेतले निम्मे नवरे सोयीनुसार बहिरे असतात, हे कसे वेगळे असणार?

पण तो झाला नुसता मूर्खपणा. तो मी चारचौघांत हसत सांगते. त्याच्याआड जे दडवलंय ते निराळं.

दडा बसलेला एकाच कानाला, डाव्या. सकाळी नाक शिंकरलं की रुमालावर रक्ताचा पुसट डाग. उष्णता, असं म्हणून मी सब्जा पाजला! शेवटी गेलो कानाच्या डॉक्टरांकडे. निघताना हे कानटोपी चढवत होते, तेवढ्यात डॉक्टर ह्यांच्या डाव्या, बंद कानाच्या बाजूने मला म्हणाले, "या वयात एकाच कानात पाणी साठतंय, हलक्यात घेऊ नका. नाकातून दुर्बीण घालून मागे बघायला हवं. याच आठवड्यात." आणि तपासणीची चिठ्ठी माझ्या हाती दिली.

जिन्यात ह्यांनी विचारलं, "काय म्हणत होते?"

"सर्दी मुरलीय म्हणाले."

का? — अहो, दिवाळी तोंडावर, चकलीच्या भाजणीच्या ऑर्डरी घेऊन बसले होते ना मी! पेठेत नाव होतं बाईसाहेबांचं! चिठ्ठी गेली भाजणीच्या डब्याखाली. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, मग — मग ती बाहेर काढायचीच लाज वाटायला लागली.

ह्यांच्या मानेत गाठ आली तेव्हा मी चिठ्ठी गॅसवर जाळली आणि ह्यांना दुसऱ्याच डॉक्टरांकडे नेलं. नाकाच्या मागे, घशाच्या पार वरच्या टोकाला कॅन्सर. क्वचित होणारा. तिथे शस्त्रक्रिया अवघड, म्हणून सात आठवडे चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा आवळून किरणं, जोडीला केमो. वाचले. डावा कान गेला, लाळ आटली. चकली आता ताकात भिजवून खातात — माझी चकली!

उपचार ठरले त्या दिवशी कॅन्सरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "गाठ येईपर्यंत काय करत होतात?" मी फरशी बघत राहिले. बाहेर आल्यावर ह्यांनी माझा हात धरला.

"तू कशाला मान खाली घालतेस? आधी कळलं असतं, तर तू मला कानाला धरून आणलं असतंस."