पितळी टोपीच्या आत

पुढच्या उजव्या चाकाच्या मधल्या तुंब्यावर मी तळवा टेकवला आणि चटका बसला तसा मागे घेतला. लॉरी धारच्या वेशीपासून मोटारखान्यापर्यंतच आली होती. एवढ्याशा वाटेत चाक असं तापत नाही.

संस्थानच्या मोटारखान्याचे दारोगा आबासाहेब म्हणाले, "नन्नू गाडी पळवतो, दुसरं काय? तुम्ही तेवढं सरकारांपुढे सांगा. उद्याच त्याला घरी बसवतो."

नन्नू म्हणजे ड्रायव्हर. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "भिया, मैंने तो बैलगाड़ी जैसी चलाई."

मला राग लवकर येतो. महूच्या छावणीतला फिटर आला की आबासाहेब त्याला खुर्ची देत आणि मला देवासहून बोलावून उभं ठेवत. हे मी अजून विसरलेलो नाही. मी म्हणालो, चारही चाकं उघडून पाहीन आणि दोष सापडेपर्यंत नन्नूची नोकरी जाता कामा नये. ते एकाच चाकावर अडून बसले. बरीच घासाघीस झाली. मी पेटी उचलून फाटकापर्यंत गेलो, तेव्हा कुठे कबूल झाले.

लॉरी लढाईनंतर महूच्या लिलावात घेतलेली. साध्या मोटारीत इंजिन मागची दोनच चाकं ओढतं, हिच्यात चारही. माळव्याच्या काळ्या चिखलात बैल गुडघ्यापर्यंत रुतत तिथूनही ही बाहेर निघे. चाक आणि आस यांच्यामध्ये पोलादी गोळ्यांची कडी असते. तिला बेअरिंग म्हणतात. सगळा भार त्या गोळ्यांवर. त्या बिघडल्या की चाक तापतं, डुलतं, शेवटी निखळतं.

मी जॅक लावून चाक उचललं. वरखाली धरून हलवलं तर ते खडखडलं. मग लाकडी दांडक्याचं एक टोक तुंब्याला आणि दुसरं कानाला लावून चाक फिरवायला सांगितलं. जातं रिकामं फिरावं तसा आवाज येत होता. उरलेल्या तिन्ही चाकांत तोच आवाज, जरा कमी.

तुंब्यावरची पितळी टोपी काढली. ती आरशासारखी लखलखत होती. आतलं ग्रीस मात्र लालसर. बोटांत चोळलं तर रवाळ लागलं आणि नखात एक तंतू अडकला. तो मी वासावरून ओळखला. चिंचेचा.

आबासाहेबांना विचारलं, टोप्या कशाने घासता?

"चिंच आणि विटेची पूड," ते अभिमानाने म्हणाले. "खंडेनवमीला पूजा असते ना. मी स्वतः उभा राहून आतूनबाहेरून घासून घेतो. पूजेची वस्तू आतून मळकी कशी ठेवायची?"

मी ते ग्रीस त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि बेअरिंगच्या गोळ्या रॉकेलमध्ये धुऊन दाखवल्या. एकेक गोळी खड्ड्याखड्ड्यांची झाली होती. आबासाहेब बराच वेळ बोटं चोळत राहिले. मग हळूच म्हणाले, "हे सरकारांच्या कानावर घालणार?"

त्या क्षणी मला मोठ्याने बोलता आलं असतं, अंगणात माणसंही होती. पण मी सौदा केला. सरकारांना मी सांगायचं की धुळीने बेअरिंगं गेली. विटेची पूड ही धूळच. बदल्यात नन्नू कामावर राहील आणि टोप्या उघडायचा पाना त्याच्याच कमरेला राहील.

"मंजूर," ते म्हणाले. नन्नूकडे त्यांनी पाहिलं नाही.

नवी बेअरिंगं मुंबईहून आली, मेणकागदात गुंडाळलेली. आयुष्यभर मी कुणाच्या मालावर विश्वास ठेवलेला नाही. गोळ्या काढून थेट सराफाकडे नेल्या. त्याने एक या पारड्यात, एक त्या पारड्यात ठेवली. काटा हलला नाही. जोड्या बदलल्या, तरी नाही. मग सराफानेही हातातलं काम बाजूला सारलं. कुठल्या तरी परक्या गावात कुणीतरी पोलादाचा गुंजभरही फरक पडू दिला नव्हता, आणि तोही अशा वस्तूत जी ग्रीसमध्ये बुडून कुणाला दिसणारसुद्धा नाही. प्रत्येक गोळीत माझा इवलासा चेहरा दिसत होता. घासाघीस करायला मला काही सुचेना.

कडी बसवताना हातोडा मारायचा नसतो. ती तेलात तापवून, फुगवून अलगद सरकवतात. नट पूर्ण आवळून मग किंचित सैल करतात, नाहीतर गोळ्या गुदमरतात. इंजिनाची जोडणी करण्याआधी मी एका बोटाने चाक ढकललं. दोन माणसांना न उचलवणारं ते धूड फिरू लागलं. आवाज नाही. फिरत राहिलं, मंदावलं, थांबता थांबता जड बाजूने थोडं उलट झुललं आणि स्थिर झालं. नन्नूने डोक्यावरचा साफा काढून हातात घेतला. आबासाहेबांनी स्वतः पुढे होऊन पुन्हा बोट लावलं, पुन्हा तेच. माझी नजर त्या चाकावरून हटेना.

मांडवचा घाट लॉरी भरून चढली. वर पोहोचल्यावर मी चारही तुंब्यांवर हात ठेवला. सकाळच्या माठासारखे गार.

पुढच्या दसऱ्याला टोप्या अशा चमकल्या की सरकारांनी आबासाहेबांना शेला दिला. माझं नाव कुणी काढलं नाही, आणि खुर्ची अजूनही महूच्या फिटरलाच मिळते. मात्र आता टोप्या चाकावरच बसलेल्या असताना घासतात आणि पाना नन्नूकडे असतो. हळदकुंकू बाहेरून वाहावं. आत ग्रीसच बरं.