अश्विनीच्या शेजारची सीट

मी गप्प बसत नाही, हीच माझी ओळख. डब्लिनच्या मराठी मंडळात, मोर्च्यात, घरमालकाच्या दारात — मला ओळखणारा कुणीही हे सांगेल. मग ही एकच गोष्ट माझ्या तोंडून कधीच कशी बाहेर पडली नाही? आईला सांगितली नाही, गटातल्या कुणाला नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगते आहे. हाही भित्रेपणाच. निदान आज त्याला त्याच्या नावाने हाक मारते.

मी पत्रकं लिहिते. वीस साली कोविडने सगळं बंद पडलं तेव्हा आम्ही काही जणांनी हे सुरू केलं — इथे कामाला आलेल्या आपल्या लोकांना त्यांचे हक्क मराठीत, हिंदीत सांगायचे. डिपॉझिट कसं परत मागायचं, आजारपणाची रजा कशी मागायची. आम्हा परदेशी लोकांना इथे राहण्याचं एक कार्ड मिळतं. त्या काळात कचेऱ्या बंद, कार्डं अडकलेली, म्हणून सरकारने सगळ्यांची मुदत सरसकट वाढवली होती. पण ते कुणाला माहीत होतं? बँकेत नाही, कारखान्याच्या गेटवर नाही. ‘कार्डावरची तारीख उलटली? घाबरू नका!’ — हे पत्रक माझं. अक्षरन् अक्षर माझं.

आणखी एक होतं. उत्तरेकडून येणाऱ्या बसमध्ये कधी कधी कागद तपासतात, आणि विचारतात ते फक्त आपल्यासारख्या रंगाच्या माणसांना. त्यावर मी लिहिलं होतं: ‘कुणाला एकट्याला विचारत असतील तर उठा. शेजारी जाऊन बसा. मोठ्याने बोला.’ ‘मोठ्याने’ या शब्दावरून मी गटात भांडले होते. कुणीतरी म्हणालं, ‘शांतपणे’ लिहू या. मी म्हटलं, शांतपणे बोलणाऱ्यांमुळेच ही वेळ आली आहे.

हे सगळं आधी का सांगते आहे? कारण पुढचं लांबवायचं आहे. बरं. पुढचं.

अश्विनी नागपूरची. डब्लिनजवळ लिक्सलिपला चिपच्या कारखान्यात तंत्रज्ञ. आम्ही एका घरात राहायचो. माझ्या भाषणांची तिला गंमत वाटायची, ती मला ‘नेत्या’ म्हणायची. ‘काहून गं नेत्या, आज क्रांती नाही का? मग भांडी घास.’ जानेवारीत तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. दोन वर्षांत ती घरी गेली नव्हती. तिच्या कार्डाची तारीख उलटून गेली होती. नवं कार्ड आलं की परत येण्याची चिंता मिटणार होती, तिकीट काढून ठेवलं होतं.

एकवीसच्या डिसेंबरात मी तिला म्हटलं, चल, शनिवार-रविवार बेलफास्टला जाऊ. नाताळचा बाजार बघू. आता, बेलफास्ट म्हणजे ब्रिटन. बसने दोन-अडीच तास, पण आम्हाला तिकडचा वेगळा व्हिसा लागतो. तिने ते विचारलं — मी सांगते आहे ना, तिने विचारलं. मी हसले. ‘सीमेवर फाटकसुद्धा नाही गं. सगळे जातात. काही झालंच तर मी आहे ना!’

मी आहे ना.

बेलफास्ट छान होतं, हे लिहिताना कसंतरी होतं. सिटी हॉलसमोर लाकडी टपऱ्या, दिव्यांच्या माळा, तोंडातून वाफ. अश्विनीने डब्यातून सांबारवडी, म्हणजे तिच्याकडची कोथिंबिरीची वडी, आणली होती. थंडीने घट्ट झालेली ती वडी आम्ही गरम सफरचंदाच्या रसाबरोबर खाल्ली आणि हसलो. बहिणीसाठी तिने एक लाकडी पेटी घेतली, कुंकवाचे करंडे ठेवायला. ‘जर्मन माणसाने आयरिश बाजारात विकलेली,’ म्हणाली, ‘कुंकू तेवढं नागपूरचं.’

रविवारी परतीची बस भरलेली होती. एकत्र जागा मिळाली नाही. ती पुढे बसली, मी तीन-चार रांगा मागे, एका आजीबाईंच्या शेजारी. आजीबाई द्रोहेडा गावच्या, नातवंडांचे फोटो दाखवत होत्या. सीमेअलीकडे न्यूरीला काही लोक उतरले. अश्विनीच्या शेजारची सीट मोकळी झाली. तिने मागे वळून सीटवर थाप मारली — ये. मी हातानेच म्हटलं, नको, इथे ऊब आहे.

सीमा ओलांडल्यावर थोड्या वेळाने बस रस्त्याकडेला थांबली. गणवेशातला एक माणूस चढला. पुढच्या सगळ्या गोऱ्या चेहऱ्यांवरून त्याची नजर सरकत गेली आणि अश्विनीवर थांबली. मला आधीच ठाऊक होतं तिथेच थांबणार. मी ते छापलं होतं.

तिने कार्ड दिलं. त्याने उलटंसुलटं केलं. ‘हे संपलंय.’ तिचं इंग्रजी — कारखान्यात जर्मन मशीनवाल्यांशी वाद घालणारं तिचं इंग्रजी — कुठे गेलं कुणास ठाऊक. ‘एक्स्टेन्शन... देअर इज एक्स्टेन्शन...’ एवढंच. माझ्या पिशवीत ते पत्रक होतं. खाली सरकारी घोषणेचा दुवा छापलेलं.

मी काय केलं? लोकरीची टोपी खाली ओढली. मास्क वर केला. माझा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा सरकारकडे पडून होता. व्हिसाशिवाय मीही गेले होते. हे कारण आहे. मी ते कारण म्हणूनच सांगते, त्याच्या आड उभी राहत नाही.

त्याने तिला विचारलं, ‘बरोबर कोणी आहे?’

ती वळली. माझ्याकडे बघितलं. सरळ, डोळ्यांत. आणि मी — मी खिडकीकडे बघितलं. बाहेर काळोख होता, काचेत माझंच तोंड.

‘नो,’ अश्विनी म्हणाली. ‘अलोन.’

मग तो मागे आला. माझ्यापाशी थबकला. आजीबाई त्याला म्हणाल्या, ‘वी आर ग्रँड, लव्ह,’ — आम्ही ठीक आहोत, बाळा — आणि माझ्या हातावर हात ठेवला, जणू मी त्यांचीच. तो पुढे गेला. अश्विनीला खाली उतरवलं. बस सुटली तेव्हा ती पेटी छातीशी धरून थंडीत उभी होती.

एका वाक्याने ती सुटली असती का? कदाचित नसती. ते आता कधीच कळणार नाही, आणि तशी सोय मीच केली.

रात्री उशिरा त्यांनी तिला सोडलं. ती घरी आली, मी चहा केला. पुढे कार्डाच्या कचेरीने तिच्याकडे त्या प्रवासाचे खुलासे मागितले, कार्ड लांबलं, लग्नाचं तिकीट रद्द झालं. लग्न तिने स्वयंपाकघरात पैठणी नेसून बघितलं, फोन किटलीला टेकवून. अंतरपाट दूर झाला तेव्हा तिने फोनवर अक्षता टाकल्या. मलाही मूठभर दिल्या. मी टाकल्या.

आणि एवढ्यावर थांबले असते तरी — नाही. मी त्यावर लेख लिहिला. ‘एका सहप्रवाशाने पाहिलेलं.’ वर्णद्वेष, थंडी, एकटी मुलगी, गप्प बसलेली बस. त्या बसला मी काय काय नाही म्हटलं! सभेत वाचला, लोक रडले. अश्विनी शेवटच्या रांगेत होती. नंतर जवळ येऊन म्हणाली, ‘छान लिहिलंस.’ आणि मला नावाने हाक मारली. बसमधून उतरल्यापासून ती मला नावानेच हाक मारत होती. माझ्या ते तेव्हा लक्षात आलं.

त्या गणवेशातल्या माणसाचा मला अजून राग येतो. खरा राग. पण तो सोयीचाही आहे — तो उगारला की दुसरं काही दिसत नाही.

मला नागरिकत्व मिळालं. अश्विनी पुढे मलिंगारला राहायला गेली. ते पत्रक अजून वाटलं जातं, आता पोलिश आणि पोर्तुगीजमध्येही. ‘उठा. शेजारी जाऊन बसा. मोठ्याने बोला.’ ते लिहिणारी त्या बसमध्ये होती. अश्विनीच्या शेजारची ती सीट डब्लिनपर्यंत रिकामी आली.