टनेल चालू, खातं बंद

"रिपोर्टमध्ये लिहा, बिघाड बाईच्या घरी हाय," शेठजी म्हणाले. "बाकी मी पाहून घेतो."

पाहून घेतो म्हणजे वैशालीताईंची नोकरी जाणार, हे उघड होतं. शेठजींच्या पांढुर्ण्याच्या संत्रा पेढीत त्या हिशेब लिहायच्या. सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून सौंसरच्या घरून काम करत होत्या. आता त्यांना ऑफिसचं खातं उघडत नव्हतं. मी नेटवर्कची कामं करते, म्हणून मला बोलावलं होतं.

घर आणि ऑफिस जोडायला आम्ही टनेल टाकतो, म्हणजे इंटरनेटमधून फक्त आपल्यापुरता बंद रस्ता. तो चालू असला की स्क्रीनवर हिरवी खूण दिसते. वैशालीताईंची खूण हिरवीच होती.

"रस्ता चालू हाय. बोरगावचा गिरीश घरून बिलं बनवून राहिला. मंग हिलेच काहून जमत नाही?" शेठजी साऱ्या स्टाफसमोर बोलले. "कामचोर हाय बाई."

माझं डोकं तापलं. मी वैशालीताईंना फोन लावला आणि त्यांच्या कॉम्प्युटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, वाचायला सांगितला. तो १९२.१६८.१ ने सुरू होत होता. ज्यावर खातं असतं तो ऑफिसचा मुख्य कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हरही, त्याच मालिकेतला.

आमच्याकडे केबलवाला घरोघरी इंटरनेटचा एकाच कंपनीचा डबा, म्हणजे राउटर, लावतो आणि कंपनीतून आलेला मालिकेचा नंबर तसाच ठेवतो. पेढीतही त्याने तोच घरगुती डबा बसवला होता. पत्ता आपल्याच मालिकेतला दिसला, की कॉम्प्युटर तो घरातच शोधतो, टनेलकडे जातच नाही. सर्व्हरचा जो पत्ता, तोच वैशालीताईंच्या घरी टीव्हीला मिळाला होता. बिचाऱ्या टीव्हीकडे खातं मागत होत्या. गिरीशचा डबा दुसऱ्या कंपनीचा, त्याची मालिका वेगळी, म्हणून त्याचं सुरळीत चाललं होतं.

"मंग हिच्या घरचा नंबर बदला. सीझन हाय, ऑफिसले हात लावायचा नाही," शेठजी म्हणाले.

काम चुटकीसरशी झालं असतं. पण मग दोष त्यांच्याच घराचा ठरला असता, आणि उद्या दुसऱ्या कुणाच्या घरी पुन्हा तेच.

"नाही बदलत," मी म्हणाले. "घर त्यायचं हाय. चूक ऑफिसची हाय."

"मॅडम, तुमाले बोलावलं कोनं?"

"तुमीच. चला, तुमच्या बंगल्यावरून खातं उघडून पाहू."

बंगला पेढीच्या मागेच. तिथंही तोच केबलवाला, तोच डबा. मी टनेल टाकलं. हिरवी खूण आली. शेठजींनी स्वतः क्लिक केलं. स्क्रीनवर गोल फिरत राहिलं.

"रस्ता तर चालू हाय, शेठजी. तुमी बी कामचोर का?"

शेठजींनी माउस सोडला आणि ऑफिसला हात लावायला होकार दिला. पेढी बंद असते त्या दिवशी मी ऑफिसची मालिकाच बदलली. सर्व्हर, प्रिंटर, वजनकाट्याचा कॉम्प्युटर, सगळ्यांना नवे पत्ते दिले.

दुसऱ्या दिवशी शेठजींनी पेढीतूनच फोन केला. "वैशालीबाई, नेट दुरुस्त झालं. कामाले लागा."

"लागते. पन मले सगळ्यायसमोर कामचोर म्हटलं म्हने, ते बी दुरुस्त करा." फोनमधून त्यांचा आवाज माझ्यापर्यंत आला.

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी केबल गुंडाळत राहिले, मदतीला गेले नाही. शेवटी त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि स्टाफला ऐकू जाईल असं म्हणाले, "चूक आमची होती, बाई."

आता कुठेही घरं जोडायची असली, की मी आधी ऑफिसचा नंबर बदलायला लावते. मालक कुरकुरतात. कुरकुरू देत.