बाबांचं अर्धं तिकीट

मी लाल बसवर वाहक आहे. बायकांना अर्धं तिकीट, पासष्टच्या पुढे अर्धं, पंच्याहत्तरच्या पुढे फुकट. नियम सरळ आहेत, माणसं सरळ नसतात. त्यात माझे वडील पहिले.

त्या दिवशी ते वरवट बकालला चढले. डोळे दाखवायला जळगाव जामोदला निघाले होते. वय अठ्ठ्याहत्तर, आधार कार्डावर मात्र एकाहत्तर. मी लहान असताना कापसाच्या जिनिंगात चाळिशीपुढचा चौकीदार ठेवत नसत, म्हणून बाबांनी दाखल्यावर वय सात वर्षांनी कमी करून घेतलं. पुढे तेच कार्डावर चढलं. बाकीचे वाहक तोंड बघून त्यांना फुकटचं तिकीट देतात. मी अर्धं काढलं आणि पैसे माझ्या पर्समधून टाकले.

"काऊन? परके लोक मले म्हातारा मानतात, अन् पोटची पोर मानत नाही?"

मागच्या बायका हसल्या. बाबा तिकीट हातात घेईनात. मी ते त्यांच्या पिशवीवर ठेवलं, वाऱ्यानं खाली पडलं. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मलाही राग आला होता. म्हटलं, पडू दे.

तेवढ्यात फाट्यावर तपासणीची जीप दिसली. माझ्यावर आधीच एक रिपोर्ट होता. दुसरा झाला की घरी बसायचं, हे बाबांनाही ठाऊक होतं. प्रवाशाजवळ तिकीट नसलं तर जाब मलाच विचारणार.

साहेब पुढून एकेक सीट तपासत आले. मी त्यांच्या मागे, बोलायची सोय नाही. तिकीट बाबांच्या चपलेजवळ पडलेलं. मी डोळ्यांनी खुणावलं, पण ते बाहेरच बघत होते. मला रडू येईल असं वाटलं.

साहेबांनी हात पुढे केला. बाबा सावकाश वाकले, तिकीट उचललं, धोतराला पुसून दिलं. साहेबांनी कार्ड पाहिलं, मग चेहरा पाहिला. ऐंशीचे दिसता की, म्हणाले.

"कष्टानं दिसतो साहेब. एकाहत्तरच हाये."

जळगावला उतरताना मी त्यांचा हात धरला.

"त्याच सात वर्षांच्या खोट्यावर तू शिकली," ते म्हणाले. "तुही नोकरी टिकू दे. मी एकाहत्तरचाच बरा."

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा चढले. कार्ड उंच धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अर्धं दे." आणि सुटे पैसे माझ्या हातावर ठेवले.